व्याज गरिबाचं, मलिदा बँकेचा

न्यू जर्सीत घर घेतलेल्यांनो, जरा आठवून बघा. डिपॉझिटचा चेक बहुतेकांनी वकिलाच्या ट्रस्ट अकाउंटला दिला. क्लोजिंगपर्यंत महिना-दीड महिना पैसे तिथेच होते. त्यावरचं व्याज कुठे गेलं, हे किती जणांनी विचारलं? मीही विचारलं नव्हतं.

रक्कम लहान किंवा थोड्या दिवसांपुरती असली की एकट्याचं व्याज किरकोळ असतं. वेगळ्या खात्याचा खर्चही निघत नाही. म्हणून अनेक अशिलांचे पैसे एकत्र ठेवतात आणि त्यावरचं व्याज गरिबांच्या कायदेशीर मदतीला जातं. याचं नाव आयोल्टा. १९८१ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेली ही पद्धत आज पन्नासही राज्यांत आहे. त्याआधी हे पैसे बिनव्याजी पडून असत. फायदा कुणाचा? बँकेचा!

आता व्याज मिळतं, पण किती? अनेक राज्यांत नियम आहे : तशाच इतर खात्यांना जो दर देता, तोच इथे द्या. ऐकायला छान. पण तो दरच तळाला असेल तर? २०२३ मध्ये फेडचा दर सव्वापाच ते साडेपाच टक्के होता. तुमच्या चेकिंग खात्याला काय मिळालं, स्टेटमेंट काढून बघा.

मोठा ठेवीदार घासाघीस करतो, नाही पटलं तर पैसे हलवतो. इथे कोण भांडणार? अशिलाला व्याज मिळणार नाही, वकिलाला त्याला हात लावता येत नाही आणि ज्या भाडेकरूसाठी ते आहे त्याला कुणी विचारतच नाही. धनी नसलेल्या शेतात गुरं चरणारच.

फौजदारी खटल्यात वकील परवडत नसेल तर सरकार देतं. घरातून बाहेर काढायची नोटीस आली तर बहुतेक ठिकाणी तसा हक्क नाही. तिथे हाच पैसा कामी येतो.

‘बँक काय धर्मादाय संस्था आहे का?’ असं कुणी म्हणेल. नाही. पण दान मागतंय कोण? पैसे आपले, ते वापरते बँक. मग वाजवी भाडं द्या.

बँक वकील निवडतात. काही राज्यांत नियमापेक्षा जास्त दर देणाऱ्या बँकांची नावंही जाहीर होतात. तेव्हा पुढच्या क्लोजिंगला वकिलाला एवढंच विचारा : ‘तुमचं ट्रस्ट अकाउंट कुठल्या बँकेत आणि तिथे दर किती?’

दहा अशिलांनी विचारलं, तर अकरावा फोन वकीलच बँकेला करेल. पटलं तर शेअर करा.