झाड राखणे परवडले पाहिजे



बांधावरच्या झाडांनी जंगल परत येत नाही, शेतकऱ्याचे पीक मात्र जाते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच पटते. सावलीने पीक घटते, हे खरे. पण कोणते झाड, किती अंतरावर, छाटणी केव्हा, हे अभ्यासणारी केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आमच्या शेजारी झाशीतच आहे आणि २०१४पासून देशाला कृषिवानिकी धोरणही आहे.

खरा प्रश्न पैशाचा. भीमाशंकर परिसरात महादेव कोळी समाजातील लोक हिरडा-बेहड्याची फळे ‘फेअरवाइल्ड’ या शाश्वत रानसंकलनाच्या प्रमाणपत्राचे नियम पाळून गोळा करतात. पुण्याच्या ‘एईआरएफ’ संस्थेने त्यासाठी बाजार जोडून दिला. बेहडा सरपणाला विकला तर पैसे एकदाच. राखला तर फळे पुन्हा पुन्हा. शिवाय जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो आणि खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पसरवतो. जंगल असेही वाढते.

निलगिरीच्या झाडांच्या रांगांना जंगल म्हणू नये, इथे मात्र मी पत्रलेखकाच्याच बाजूचा. हिरडा आधारभूत किमतीच्या यादीत आहेच. ती किंमत गोळा करणाऱ्याच्या हाती वेळेवर पडावी, एवढा आग्रह आपण दोघांनीही धरावा.

— एक वाचक, शिंदे की छावनी, ग्वाल्हेर