तेरापैकी तेरा, तरी नापास

३ डिसेंबर २०२३ च्या दुपारी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ टीव्हीसमोर बसला होता. हंगामात १३ सामने, तेराही जिंकलेले, आपल्या गटाचे विजेतेपद खिशात. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या (मेस्सीचा नव्हे, लंबगोल चेंडू बगलेत मारून धावतात तो) अंतिम चौघांत आपले नाव येणार, यात त्या मुलांना शंका असायचे कारण नव्हते. निवड समितीने चार नावे वाचली. त्यात प्रत्येकी एक सामना हरलेले टेक्सास आणि अलाबामा होते, फ्लोरिडा स्टेट नव्हते. कारण काय, तर त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकचा (चाल रचून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) पाय दोन आठवड्यांपूर्वी मोडला होता आणि त्याच्याविना संघात पूर्वीचा दम उरला नाही, असे समितीला वाटले. हा पाय आधीच मोडला असता तर बरे झाले असते, माझ्याविनाही संघ काय करू शकतो हे यांना दिसले असते, असे त्या मुलाने नंतर लिहिले. स्वतःचा पाय आणखी लवकर मोडायला हवा होता, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटावे, अशी ही परीक्षा.

पुढे काय झाले? तीन आठवड्यांच्या आत या विद्यापीठाने आपल्याच गटावर, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सवर, दावा ठोकला. तक्रारीच्या मुळाशी टीव्ही हक्कांचे पैसे होते. इतरांना ते जास्त मिळतात, आम्हाला कमी. आणि पुढच्या हंगामात हाच संघ १२ पैकी दोन सामने जिंकला.

चार संघांच्या प्लेऑफची ही पद्धत २०१४ ते २०२३ अशी बरोबर दहा हंगाम चालली. दशकाचा ताळेबंद मांडायला यापेक्षा सोयीची चौकट नाही. सर्वोच्च विभागात सुमारे १३० संघ. दहा वर्षांत प्लेऑफच्या जागा ४०. त्यातल्या आठ एकट्या अलाबामाच्या, सहा क्लेमसनच्या, पाच ओहायो स्टेटच्या, चार ओक्लाहोमाच्या. म्हणजे चार विद्यापीठांनी २३ जागा नेल्या. उरलेल्या १७ अकरा जणांत वाटल्या गेल्या, आणि शंभरावर विद्यापीठांच्या पानात काहीच पडले नाही. दशकभरात लहान गटांतला एकच संघ आत शिरू शकला, २०२१ चा सिनसिनाटी. विजेते सहा. त्यापैकी अलाबामा तीनदा, क्लेमसन आणि जॉर्जिया प्रत्येकी दोनदा.

याला गुणवत्ता म्हणणारे आहेत. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या शिस्तीबद्दल कोणी वाद घालणार नाही. पण ते जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा अलाबामाने काय केले? नुकताच अंतिम सामना हरलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा प्रशिक्षक दोनेक दिवसांत उचलून आणला. हरलेल्या मुलांच्या अंगावरचे वळ अजून उतरले नव्हते. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरात प्रशिक्षकाला काढले आणि काम न करण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे मान्य केले. हे सरकारी विद्यापीठ आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता नवे वळण. कॉलेजचे खेळाडू वर्षानुवर्षे पगाराविना राबले. त्यांच्या जिवावर विद्यापीठे आणि वाहिन्या गब्बर झाल्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० अशा निकालाने हौशी खेळाच्या या ढोंगाला तडा दिला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई कबूल केली आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी ठरावीक मर्यादेपर्यंत, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, रक्कम खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा दिली. मुलांना पैसे मिळाले, हे योग्यच झाले. आमची हरकत पैसे कोठून येणार, याला आहे.

ज्यांच्याकडे आहेत ते देतील. बिग टेन गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा टीव्ही करार केला. त्याच ओढीने १९१५ पासून चालत आलेला पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट फुटला. बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ओसरीवर उभी राहिली. स्टॅनफर्ड आणि बर्कली आता ‘अटलांटिक कोस्ट’ गटात खेळतात. भूगोलाचा विभाग त्या विद्यापीठांत अजून आहे की नाही, विचारायला हवे.

यावर अपवाद म्हणून इंडियानाचे नाव कोणी पुढे करील. पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठी ओळखले गेलेले हे विद्यापीठ जानेवारी २०२६ मध्ये एकही सामना न गमावता विजेते झाले. कौतुक आहेच. पण नव्या प्रशिक्षकाने आपल्या जुन्या कॉलेजातून डझनभर तयार खेळाडू सोबत आणले, इतर ठिकाणचेही घेतले, आणि वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिकचा करार मिळवला. दार उघडे आहे खरे, फक्त तिकीट महागले.

आणि ज्यांना तिकीट परवडत नाही? २०२३ च्या सप्टेंबरात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने साडेचार कोटी डॉलरच्या तुटीपायी २८ अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापकपदे रद्द केली. परकीय भाषांचा विभाग जवळजवळ पुसला गेला. फुटबॉलचा प्रशिक्षक मात्र वर्षाला लाखो डॉलर घेत होता. खेळाचा खिसा वेगळा असतो, हे उत्तर ठरलेले आहे आणि हिशेबाच्या वहीपुरते खरेही आहे. पण एका वहीत फ्रेंच शिकवायला पैसे नाहीत आणि शेजारच्या वहीत आहेत, यात प्राधान्य काय ते दिसतेच. श्रीमंत स्टॅनफर्डनेही २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचे ठरवले होते. ओरड झाली, वर्षभराच्या आत निर्णय फिरला. सगळीकडे ओरडणारे इतके वजनदार नसतात.

भारतीय खेळाडूंचा संबंध इथेच येतो. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियात टेनिस खेळून दोनदा राष्ट्रीय कॉलेज विजेता झाला. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडी मारत घडला. फुटबॉल हातात न धरताही आपल्या मुलांना त्या मैदानांवर जागा मिळाली ती शिष्यवृत्तीमुळे. खर्चाला कात्री लागते तेव्हा ती प्रथम टेनिस, पोहणे आणि धावपट्टीवर चालते.

जी मुले तिकडे खेळायला जातच नाहीत, शिकायला जातात, त्यांचे काय? पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत दर ऑगस्टला अमेरिकी विद्यापीठाची फीची पावती उघडली जाते, डॉलरला रुपयांनी गुणले जाते. अनेक सरकारी विद्यापीठांच्या पावतीवर वसतिगृह आणि आरोग्य विम्याच्या जोडीला ‘अ‍ॅथलेटिक फी’ अशी एक ओळ असते. मुलगा कधी स्टेडियमकडे फिरकला नाही तरी ती भरावी लागते. ज्यांचा संघ टीव्हीवर दिसत नाही, अशाच विद्यापीठांत ती ओळ बहुधा जास्त जड असते. कर्ज मंजूर करताना बँक ती वाचत नाही. घरच्यांनी वाचावी.