डिस्क दिसत नाही – कोणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत साहाय्य थांबले आणि महाविद्यालयांतल्या, घरांतल्या जुन्या संगणकांपुढे एक प्रश्न उभा राहिला. यंत्रच बदलायचे, की आतली कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवायची आणि तिच्यावर नवी प्रणाली टाकायची? आमच्या परिचयातील बहुतेकांनी दुसरा, कमी खर्चाचा मार्ग पत्करला, आणि त्यांतल्या काहींची गाडी अर्ध्या वाटेवर अडली. हा लेख त्या अडण्याविषयी आहे. नेमके सांगायचे तर, अडल्यावर जी भाषा लागते तिच्याविषयी. मराठीच्या अध्यापकाने यात नाक खुपसण्याचे कारण तेवढेच.

खराडीत राहणाऱ्या एका सहकारी प्राध्यापिकेचे उदाहरण घेऊ. त्यांच्या गच्चीतून ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यावरच हे जुने गाव बघताबघता शहर झाले. बाईंनी नवी डिस्क आणली, आधीच्या विंडोजमध्ये ती बाहेरून जोडून ‘तयार’ केली, मग आत बसवून घेतली आणि पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला सुरुवात केली. डिस्क निवडण्याच्या पडद्यापाशी सगळे थांबले. तेथे इंग्रजीत जो संदेश आला त्याचा आशय असा : निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा विभाजन-तक्ता आहे, ईएफआय यंत्रणेत विंडोज केवळ जीपीटी डिस्कवर बसवता येते. संदेश खोटा नव्हता, अपुराही नव्हता. तरीही, इंग्रजी समीक्षा मुळातून वाचणाऱ्या या बाईंना त्यातून एवढेच समजले की आपली नवीकोरी डिस्क खराब निघाली.

चंदननगरहून दुरुस्तीवाला मुलगा आला. पडदा पाहून म्हणाला, “मॅडम, डिस्क चांगली आहे. तिच्यावरचा नकाशा जुन्या पद्धतीचा आहे आणि मशीन नव्या पद्धतीने चालू होतंय. नकाशा पुसू, नवा मारू.” तीन वाक्यांत निदान आणि उपचार दोन्ही झाले. एमबीआर ही १९८३ सालची, आयबीएमच्या संगणकांबरोबर आलेली पद्धत. सुमारे दोन टेराबाइटांपलीकडची जागा तिला नेहमीच्या मांडणीत मोजताच येत नाही. जीपीटी ही तिच्यानंतरची. डिस्क ‘तयार’ करताना जुनी पद्धत निवडली गेली होती, एवढीच गोष्ट. मात्र नकाशा पुसण्याआधी त्या मुलाने जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. बाईंनी कारण विचारले, तर त्याने दोन सांगितली. एक, दोन डिस्का जोडलेल्या असताना चुकीच्या क्रमांकाची पुसली गेली तर पंधरा वर्षांचे लेखन क्षणात जाईल. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. प्रणाली नव्या डिस्कवर बसते, पण तिला जागे करणारा छोटा भाग कधीकधी निमूटपणे जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो. सगळे सुरळीत दिसते. महिन्याभराने जुनी डिस्क काढली की नवी बूट होत नाही, आणि कोणाला काही उमगत नाही.

या मुलाची भाषा आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. त्याच्या व्यवसायात विंडोज ‘टाकतात’, फॉरमॅट ‘मारतात’, आधीची विंडोज ‘उडते’. नवी डिस्क बसत नसेल तर तक्रारी चार प्रकारच्या असतात : दिसत नाही, पकडत नाही, घेत नाही, बूट होत नाही. ऐकणाऱ्याला हे चारही शब्दप्रयोग सारखेच ढोबळ वाटतील. ते तसे नाहीत. ‘दिसत नाही’ हेच पाहा. मराठीत ‘दिसणे’ या क्रियापदाला पाहणारा लागतो आणि तो ‘ला’ प्रत्यय घेऊन येतो : मला दिसते, तिला दिसते. बोलताना आपण तो बहुधा गाळतो. दुरुस्तीचे अर्धे शास्त्र म्हणजे हा गाळलेला शब्द शोधून काढणे. डिस्क दिसत नाही – कोणाला? संगणक सुरू होतानाच्या बायॉसलाच दिसत नसेल, तर केबल सैल आहे, खाच चुकली आहे किंवा त्या खाचेला चालणारी डिस्कच ती नव्हे. बायॉसला दिसते पण विंडोजच्या स्थापकाला दिसत नाही, असे असेल तर बहुधा ड्रायव्हरची उणीव असते. अलीकडच्या इंटेल प्रोसेसरांच्या लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू असली की हा प्रकार हमखास घडतो. स्थापकाला दिसते पण तो घेत नाही, ही बाईंची स्थिती, म्हणजे नकाशाचा दोष. आणि घेतली, सगळे उतरले, तरी बूट होत नसेल, तर कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची हा क्रम तपासायचा. व्याकरणाच्या तासाला ‘ला’ प्रत्ययाचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचलेले नाही.

इंग्रजी संदेशात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. एकही डिस्क सापडली नाही की विंडोजचा स्थापक उत्तमपुरुषी अनेकवचनात, जणू एखादे मंडळ बोलते आहे अशा थाटात, तसे कळवतो. कोण हे ‘आम्ही’? कंपनी, कार्यक्रम, की वापरणाऱ्यालाही त्यात धरले आहे? मराठीत भाषांतर करणाऱ्याला ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ यांतले एक निवडावेच लागेल, आणि निवडताच जबाबदारी कोणाची हे उघड होईल.

पण असे भाषांतर करण्याची वेळ येतच नाही. विंडोजचा स्थापक एस्टोनियन, लाटव्हियन, स्लोव्हेनियन भाषांत मिळतो. एस्टोनियन भाषकांची संख्या अकरा-बारा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, आणि त्यांच्यासाठी स्थापक नाही. (हिंदीतही नाही, एवढेच काय ते समाधान.) इंग्रजी विंडोज नीट बसली, सुरू झाली, जाळ्याला जोडली गेली, की मग सेटिंगांत जाऊन मराठीचा पोशाख तिच्यावर चढवता येतो. म्हणजे सगळे ठीक असेल तेव्हाच मराठी हजर. बिघाडाच्या घटकेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. अडचणीच्या वेळी उपयोगी पडते की नाही, ही कसोटी त्या दर्जात धरलेली नसावी.

मुक्त प्रणालींची कामगिरी येथे उजवी आहे. डेबियन लिनक्सच्या चित्रमय स्थापकात मराठी निवडता येते. खराडीहून पूल ओलांडून मुंढव्यामार्गे मगरपट्ट्याला गेले की रेड हॅटचे कार्यालय होते. तेथील मंडळींनी मराठीकरणाचे आणि ‘लोहित’ टंकांचे मोठे काम केले आहे. पण डेबियनचा तोच स्थापक साध्या अक्षरी पडद्यावर उतरला की मराठी यादीतून गायब होते, कारण तो पडदा जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवू शकत नाही. आणि चित्रमय पडदा चालत नाही, म्हणजे बिघाड सर्वांत मोठा असतो, तेव्हाच माणूस अक्षरी पडद्याकडे वळतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मराठीत संदेश आले तरी वाचणार कोण; ते इंग्रजीहून अवघड असतात. आक्षेप खरा आहे. ‘विभाजन सारणी अवैध’ असे लिहिले तर त्या बाईंना काडीइतका अधिक बोध झाला नसता. पण यात दोष मराठीचा नसून कोणाची मराठी घेतली याचा आहे. आपली परिभाषा समित्यांत घडली. भाषा संचालनालयाच्या कोशांचे मोल आम्ही कमी लेखत नाही, परंतु त्यांची निर्मिती नामांची आहे. बिघाड मात्र क्रियापदांत सांगितला जातो. ‘पकडत नाही’ आणि ‘घेत नाही’ यांतला फरक कोणत्याही कोशात नाही, आणि चंदननगरच्या त्या मुलाला तो रोज लागतो.

एक बिघाड असाही आहे की ज्याचा संदेशच येत नाही. बाईंची नवी विंडोज अखेर बसली, जुन्या डिस्कवरील लेख नव्या डिस्कवर आले आणि उघडल्यावर रोमन अक्षरे व चिन्हांचा खच पडला. युनिकोडपूर्व टंकांत टंकलेली ती मराठी होती. तो टंक नव्या प्रणालीत नव्हता. प्रणालीच्या लेखी काहीच चुकले नव्हते. फाइल होती, उघडलीही होती.

बोलीभाषांच्या सर्वेक्षणाला आपले एम.ए.चे विद्यार्थी दूरदूरच्या तालुक्यांत जातात, ते जावेतच. त्यांतल्या दोघांना एका सत्रापुरते खराडी–चंदननगरच्या दुरुस्तीच्या दुकानांत वही घेऊन बसवावे, ही आमची अभ्यास मंडळाकडे मागणी आहे. गिऱ्हाईक काय बोलते, मुलगा काय विचारतो, उत्तर काय येते, एवढेच उतरवून घ्यायचे. त्या वहीवरून पन्नास बिघाड-संदेश मराठीत लिहून दाखवावेत आणि मुक्त प्रणालींच्या भाषांतरकारांकडे पाठवावेत; तेथे ते स्वीकारण्याची सोय आहे. गुण किती द्यायचे ते मंडळाने ठरवावे.