पाणीच मुळावर उठते तेव्हा!

पाण्यावाचून झाड सुकते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण पाण्यात उभे असलेले झाडही सुकू शकते, हे कळायला मला पंचावन्न वर्षे लागली आणि त्यापायी माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. यंदाच्या दिवाळीला तीच हकीगत सांगतो.

आमच्या सोसायटीत गॅलरीत मातीच्या कुंड्या ठेवायला बंदी आहे. खालच्या मजल्यावर ओल उतरते, अशी तक्रार. आई कोकणातले घर बंद करून कायमची आमच्याकडे आली, तेव्हा तिने बरोबर आणले काय, तर एक ट्रंक, देव आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला विहिरीकाठचा पुदिना! आता तो लावायचा कुठे? आमच्या चिरंजीवांनी तोड काढली. झाकणाची एक बादली, झाकणाला भोके, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत भाजक्या मातीचे खडे, खाली खत विरघळवलेले पाणी आणि माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा लहानसा पंप. यालाच म्हणतात हायड्रोपॉनिक्स.

आईने नाक मुरडले. "मातीवाचून झाड? आईवाचून लेकरू म्हण की!"

मी माझे पुस्तकी ज्ञान पाजळले. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक गेरिके यांनी हा शब्द १९३७ साली छापून आणला. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास बंगालमध्ये कालिंपाँगला याचे प्रयोग केले, वगैरे वगैरे.

"असतील बापडे," एवढेच आई म्हणाली. पण पुदिन्याला पालवी फुटली, तशी बादली तिच्या ताब्यात गेली. सकाळी देवपूजा झाली की पुदिन्याशी दोन शब्द बोलल्यावाचून ती चहा घेईना.

नवरात्रात आम्हाला चार दिवस कोल्हापूरला जावे लागले. नंदादीप सोडून आई कशी येणार? ती घरी राहिली. परत येऊन पाहतो, तर पुदिन्याने माना टाकलेल्या! माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. पाणी कमी पडले म्हणावे, तर बादली काठोकाठ भरलेली. मग खतच कमी पडले असणार, असे ठरवून मी चमचाभर खत ओतले. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडाही करपल्या.

तेव्हा आई हळूच म्हणाली, "माझ्याच हातानं मेला रे. रात्री त्या पंपाची घूंघूं चालायची, झोप लागेना, म्हणून मी तो बंद केला. आणि उन्हाचा ताव म्हणून रोज पाणी घातलं. तुझ्या वडिलांनी लावलेला होता तो."

त्यानंतर दोन दिवस ती गॅलरीकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच झाकण उचलले. जे पहिल्या दिवशी करायचे ते तिसऱ्या दिवशी केले, ही माझी चूक. आतून गटारासारखा वास आला. पांढरीशुभ्र असायची ती मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढले, तर वरची साल हातात आली आणि आतला दोरा तेवढा लोंबत राहिला. मी आईला हाक मारली. तिने बोटाने चाचपले, हुंगले आणि म्हणाली, "कुजलीत ही. केळीच्या बुडाशी पाणी तुंबलं की अशीच होतात. अरे, विहिरीकाठी ओल होती, पण तिथे तो कधी बुडालेला नव्हता!"

सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. २० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. उलट उकाड्यात मुळांची प्राणवायूची गरज वाढते. त्यात पंप बंद! अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम नावाचा, बुरशीसारखा सूक्ष्म जीव टपलेलाच असतो. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड पाण्यात उभे राहून माना टाकते. वर मी घातलेले जादा खत! पाणी खारावले की चांगल्या मुळालाही ते ओढणे जड जाते.

"मग भात कसा रे उभा राहतो पाण्यात?" आईने विचारले. प्रश्न बिनतोड होता. भाताच्या अंगातच हवेच्या पोकळ वाटा असतात. पानांतून आलेली हवा त्यांतून मुळांपर्यंत पोहोचते. पुदिन्याला ती सोय नाही.

तेव्हा वाचकहो, पान कोमेजले की आधी झाकण उचला. मूळ तपकिरी पण टणक आणि बिनवासाचे असेल, तर तो बहुधा खताचा डाग, घाबरू नका. बुळबुळीत, वास मारणारे आणि साल सुटणारे असेल, तर ती कूज. टोके वाळून पानांच्या कडा करपल्या असतील, तर खत जास्त झाल्याचा संशय घ्या. हिरवा थर दिसला, तर पाण्यावर उजेड पडतो आहे आणि शेवाळ धरले आहे.

आता उपाय. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापा, थोडी पानेही उतरवा, बादली घासून धुवा, नव्या पाण्यात निम्मेच खत घाला आणि झाड चार दिवस सावलीत ठेवा. पण दुखणे येऊच नये म्हणून पंप रात्रंदिवस चालू हवा. बादली उजेड आत न शिरणारी आणि उन्हापासून दूर हवी. झाड मोठे झाले की पाण्याची पातळी वाटीच्या बुडाखाली दोन बोटे ठेवा, म्हणजे वरची मुळे हवेत राहतात. रोजची तूट साध्या पाण्याने भरा. खत त्यात पुन्हापुन्हा घालू नका. दर पंधरवड्याला सगळे पाणी बदला आणि सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवा.

आमच्या पुदिन्याची मुळे पार गेली होती. पण आईने शेंड्याकडच्या पाच धडधाकट काड्या खुडल्या, खालची पाने काढली आणि पेल्यातल्या ताज्या पाण्यात ठेवल्या. पाणी ती रोज बदलायची. आठव्या दिवशी पहाटे तिने मला उठवले. काडीच्या पेराशी पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळे फुटली होती!

आता बादलीवर आतल्या पातळीची खूण म्हणून कुंकवाची रेघ आहे आणि पंप आईच्या खोलीपासून लांब नेला आहे. तरीही रात्री मध्येच उठून ती गॅलरीशी उभी राहते. परवा मी विचारले, "आई, झोप येत नाही का?"

"येते रे. घूंघूं चालू आहे ना, ते ऐकून जाते."

फराळाची गडबड आवरली की आपणही आपल्या बादलीचे झाकण एकदा उचलून पाहा. दिवाळीच्या शुभेच्छा!