भाड्याने दिलेले घर आणि विसरलेला विमा

दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी मध्यमवर्गीयांपैकी अनेकांनी दुसरी सदनिका घेऊन ती भाड्याने दिलेली आढळते. निवृत्तीनंतरचा आधार म्हणून हा मार्ग गैर नाही. मात्र त्यामागचा हिशेब बहुधा अर्धवट असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सदनिकेची किंमत 80 लाख, भाडे दरमहा 22,000. वर्षाचे 2,64,000 झाले, म्हणजे 3.3 टक्के. आता सोसायटीचा देखभाल खर्च 36,000, मालमत्ता कर 9,000, रंगरंगोटी व दुरुस्तीची वार्षिक सरासरी 20,000, दलालीचा वाटा 11,000 आणि दोन भाडेकरूंमधला एक रिकामा महिना वजा करावा. हाती 1,66,000 उरतात, म्हणजे जेमतेम दोन टक्के. कर्जाचे व्याज आणि आयकर अद्याप धरलेलेच नाहीत.

इतक्या तुटपुंज्या परताव्यावर एखादी आपत्ती कोसळली, तर अनेक वर्षांचे भाडे एका फटक्यात जाते. तरीही विम्याचा हप्ता या यादीत क्वचितच दिसतो. 80 लाखांच्या घराचा हप्ता जबर असणार, अशी समजूत असते. परंतु विमा बांधकामाचा उतरवायचा असतो. जमिनीचे मोल त्यात येत नाही. 1,000 चौरस फूट चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर चौरस फुटास 2,500 धरला, तर विमा रक्कम 25 लाख होते आणि तिचा वार्षिक हप्ता साधारणपणे दोन-तीन दिवसांच्या भाड्यात भागतो. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नव्हे. कागद उघडून पाहिल्याखेरीज हे कळत नाही, आणि तो कागद उघडण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग, भूकंप, पूर, वादळ, भूस्खलन, दंगल यांपासून तीत संरक्षण आहे. घरमालकाच्या दृष्टीने तिचे मोल आणखी एका कारणाने आहे: अशा आपत्तीमुळे घर राहण्यायोग्य न उरल्यास दुरुस्तीच्या काळात बुडालेले भाडेही तीत अंतर्भूत आहे. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईतील अनेक वस्त्यांत तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हाचे चित्र ज्यांना स्मरते, त्यांना या तरतुदीचा अर्थ वेगळा सांगायला नको. अर्थात मुरत गेलेली ओल, झीज आणि थकलेले भाडे तीत येत नाही; भाडेकरूच्या सामानाचा विमा त्याने स्वतः उतरवावा, आणि करारात तसे लिहावे.

आता धोरणाकडे वळतो. पुढील मत सर्वस्वी वैयक्तिक आहे. 2001 च्या वित्त कायद्यापूर्वी भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी चौथा हिस्सा आणि विम्याचा हप्ता स्वतंत्रपणे वजा होत असे. त्या कायद्याने हे सारे मोडीत काढून सरसकट 30 टक्के वजावट आणली, आणि ती आजही आहे. सुलभीकरण म्हणून निर्णय योग्यच होता. पावत्यांचे वाद संपले. परंतु विमा उतरवणारा आणि न उतरवणारा, दोघेही करआकारणीत एकाच पंक्तीला बसले. आपत्तीनंतर मात्र विमा नसलेल्याचे डोळे सरकारी मदतीकडे लागतात, आणि तिचा भार सर्व करदाते वाहतात.

30 टक्के कायम ठेवून केवळ घराच्या विम्याचा हप्ता पुन्हा वेगळा वजा होऊ द्यावा. वजावटी वाढवू नयेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण येथे पावती नियंत्रित कंपनीची असते आणि पडताळणी सोपी आहे. हप्ताच लहान असल्याने करसवलत किरकोळ राहील आणि महसुलाची हानीही. तथापि विवरणपत्र भरताना त्या नावाचा रकाना रिकामा दिसला, की घरमालकाला वर्षातून एकदा तरी विम्याची आठवण होईल. आज त्या विवरणपत्रात असा रकानाच नाही.