सुरक्षा सप्ताह भिंतीच्या आत, वस्ती भिंतीच्या बाहेर

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो आणि रासायनिक कारखान्यांच्या फाटकांवर फलक झळकतात. शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. डिसेंबरात रासायनिक अभियंत्यांचे 'केमकॉन' हे वार्षिक अधिवेशन भरते. ते भरवणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स ही संस्था १९४७ साली डॉ. हिरालाल रॉय यांच्या पुढाकाराने उभी राहिली. आज तिच्या शाखा देशभर आहेत, महाविद्यालयांत विद्यार्थी शाखाही आहेत. शोधनिबंध वाचले जातात, त्यात सुरक्षेवरही चर्चा होते. याला आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे ज्ञान कारखान्याच्या भिंतीबाहेर कधी येणार?

तारखा पाहा. २६ मे २०१६, डोंबिवली. ३ नोव्हेंबर २०२३, महाड. २३ मे २०२४, पुन्हा डोंबिवली. ३० जून २०२५, तेलंगणातील पाशमैलारम, जिथे चाळीसहून अधिक कामगार गेले आणि त्यातले बरेच जण पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले होते. डोंबिवलीत दोन्ही वेळा कुंपणाबाहेरच्या घरांच्या काचा फुटल्या. म्हणजे ज्यांनी त्या कारखान्यात कधी पाऊल टाकले नाही, तेही या अपघाताचे वाटेकरी झाले.

२०२४ च्या स्फोटानंतर पहिली बातमी आली ती 'बॉयलर फुटला' अशी. नंतर कळले की स्फोट रिअॅक्टरमध्ये झाला. अनेकांना हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसे नाही. बॉयलर म्हणजे वाफ तयार करणारे यंत्र. त्याला वेगळा कायदा आहे, वेगळे संचालनालय आहे, ठरावीक तपासणी आहे. रिअॅक्टर म्हणजे रसायने एकत्र करून अभिक्रिया घडवण्याचे भांडे. ते त्या कायद्यात येत नाही. पहिल्याच दिवशी चुकीचा शब्द रूढ झाला की प्रश्नही चुकीच्या दारात विचारले जातात.

रिअॅक्टर का फुटतो, हे समजायला पदवी लागत नाही. वाटीतले दूध लवकर निवते, मोठ्या टोपातले तासभर गरम राहते. प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या चंबूत जी अभिक्रिया शांतपणे होते, तीच पाच हजार लिटरच्या तशाच आकाराच्या भांड्यात केली, तर दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग सुमारे सतरा पट कमी होतो. अशा वेळी वीज गेली, ढवळणारे पाते थांबले किंवा थंड पाणी बंद पडले, तर उष्णता साठत जाते. उष्णता वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. शेवटी भांडे दाब सहन करू शकत नाही. रासायनिक अभियंत्यांना हे शिक्षणातच शिकवले जाते. धोका अनोळखी नाही, म्हणूनच 'दुर्दैवी घटना' हा शब्द आम्हाला मान्य नाही.

या व्यवसायाने सगळ्यात मोठा धडा घेतला तो भोपाळहून. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. तोंडावर ओले फडके धरा, एवढे माहीत असते तरी त्रास कमी झाला असता, पण लोकांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेने प्रक्रिया सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्र काढले. आपल्याकडे कायदे झाले. १९८७ साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोका काय आहे आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे सांगितले पाहिजे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजनेची वर्षातून एकदा तरी रंगीत तालीम झाली पाहिजे.

आम्ही एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत काम करतो. महिलांच्या बैठकीत आम्ही विचारले, "भोंगा वाजला तर कुठल्या दिशेला जायचे?" एक मावशी म्हणाल्या, "ताई, वास आला की आम्ही दारं लावून घेतो. दुसरं काय करणार?" त्यांचा मुलगा त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे ड्रम रिकामे करतो. कसले ड्रम, असे विचारले तर उत्तर आले, "पिवळी पावडर असते." कायदा होऊन तीन दशके उलटली आणि वस्तीपर्यंत पोचली ती एवढीच माहिती. त्यात आणखी एक गोची आहे. ठरावीक साठ्यापेक्षा कमी रसायने ठेवणारी अनेक लहान युनिट्स या १९८९ च्या नियमांतील मोठ्या अपघाताच्या कलमांबाहेर राहतात. वस्तीच्या दृष्टीने मात्र स्फोट लहान युनिटचा असो की मोठ्या, तो स्फोटच.

काही जण म्हणतील, यात अभियंत्याचा काय दोष? तोही नोकरदार आहे, उत्पादन थांबवा म्हणाला तर त्याचीच नोकरी जाईल. हे खरे आहे. म्हणूनच संघटनेची गरज आहे. एकट्या अभियंत्याला जे बोलता येत नाही, ते त्याच्या व्यावसायिक संस्थेने बोलले पाहिजे. धोका दाखवणाऱ्या सदस्याच्या पाठीशी तिने जाहीरपणे उभे राहावे. प्रत्येक स्फोटानंतर तांत्रिक कारण सोप्या मराठीत लोकांसमोर ठेवावे. विद्यार्थी शाखांनी वर्षातला एक कार्यक्रम सभागृहाऐवजी वस्तीच्या समाजमंदिरात घ्यावा. यासाठी मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते.

आणि आमच्यातल्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. शिष्यवृत्तीवर शिकून, घरातली पहिली पदवी घेऊन तुमच्यापैकी काही जण रासायनिक अभियंते झाले आहेत. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कामगाराच्या कामाचे तास हा त्यांनी कायद्याचा विषय केला होता. तो वारसा फक्त जयंतीच्या भाषणापुरता नको. सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीत या, ड्रमवरची चिन्हे समजावून सांगा, वाऱ्याची दिशा बघून आडवे कसे निघायचे ते शिकवा.

वस्तीनेही गप्प बसू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी विचारा: आमच्या शेजारी कोणती घातक रसायने साठवली आहेत? कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना कुठे आहे? शेवटची रंगीत तालीम कधी झाली आणि त्यात आमची वस्ती होती का? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पुढचा स्फोट झाल्यावर 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' असे म्हणायची सोय मग कोणालाच राहणार नाही.