यादी राहू द्या, आधार क्रमांक झाका

दर सोमवारी मी सरकारी कार्यालयांत फायली पाहायला जातो. या सोमवारी एका कार्यालयात रस्त्याच्या कामाची फाईल पाहायला गेलो आणि फलकापाशीच अडकलो. निराधार अनुदानाची यादी लावलेली होती. नाव, गाव, रक्कम, बँक खातं, मोबाईल आणि आधारचे बाराच्या बारा आकडे! एक पोरगा मोबाईलवर एकेक पान टिपत होता. आजीचं नाव शोधत असेल बिचारा, पण ते फोटो पुढे कुणाकुणाच्या हातात पडतील? उद्या 'बँकेतून बोलतोय' म्हणत एखाद्या म्हातारीला कुणी तिचाच खाते क्रमांक वाचून दाखवला, तर ती विश्वास ठेवणारच.

कारकुनांना म्हटलं, "भाऊसाहेब, आधार क्रमांक असे लावता येत नाहीत हो." माणूस भला. तडक उठले आणि अख्खी यादीच उतरवली. "झालं ना साहेब समाधान?"

कसलं समाधान! यादी हवीच. कोण खरंच निराधार आणि कुणाच्या दारात ट्रॅक्टर उभा, हे गावालाच माहीत असतं. चारचौघांनी यादी वाचली तर बोगस नाव सापडतं. नाव, गाव, रक्कम राहू द्या. उरलेले तीन रकाने छापण्याआधी काढायला असा कितीसा वेळ लागतो?

आधार कायद्याचं कलम २९ हे क्रमांक जाहीर करायला मनाई करतं. तरी सुमारे २१० सरकारी आणि शिक्षणसंस्थांच्या संकेतस्थळांवर ते झळकत असल्याचं २०१७ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं होतं. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) असं बदललं, की 'वैयक्तिक माहिती' एवढं कारण नकाराला पुरतं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट आता कलम ८(२) मध्ये तेवढी उरली आहे.

माझी फाईलही मिळाली नाहीच. ठेकेदाराचं बिल म्हणे त्याची वैयक्तिक माहिती! पैसा जनतेचा, रस्ता जनतेचा, मग बिल खासगी कसं? विधवेचं खातं भिंतीवर आणि ठेकेदाराचं बिल कपाटात, हा कारभार मला मान्य नाही.

२६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार राज्यातल्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. येत्या सोमवारी जरूर जा. फलकही वाचा. आधार क्रमांक दिसले तर लेखी तक्रार द्या आणि त्यातच स्पष्ट लिहा, की क्रमांक झाकावेत, यादी काढू नये.